प्लॅनचं माप भलतंच येतंय, फर्निचर बसत नाही – तातडीने मदत हवी आहे

घरटं:
नवीन फ्लॅटचा प्लॅन आर्किटेक्टकडून आला आहे. त्यात सोफा, बेड, कपाटं मांडून सुताराला द्यायचा आहे. पण फर्निचर टाकलं की ठिपक्याएवढं दिसतं आणि मापंही भलतीच येतात. युनिट बदलून पाहिलं, काही फरक नाही. सुतार शनिवारी येतोय आणि त्याआधी मापं पाठवा म्हणून मागे लागलाय. नेमकं कुठे काय बदलायचं ते लवकर सांगा.

काटकोन:
कोणतं सॉफ्टवेअर? फाईल डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची) आहे की पीडीएफ? "भलतंच" म्हणजे किती, ते आकड्यात लिहा. एवढ्यावरून काहीच सांगता येणार नाही.

सह्यवारा:
फर्निचरच मांडायचं असेल तर स्वीट होम थ्रीडी घ्या. फुकट आहे, तासाभरात हाताला बसतं. प्लॅनचं चित्र मागे टाकायचं, ज्या भिंतीची लांबी माहीत आहे तिची दोन टोकं दाखवायची आणि खरी लांबी लिहायची, झालं. सुरू करण्याआधी प्रेफरन्सेसमध्ये दोन गोष्टी बदला. भिंतीची जाडी मुळात ७.५ सेमी असते, ती आपल्या भिंतींप्रमाणे १५ किंवा २३ करा. उंची २५० सेमी असते. आपल्याकडे स्लॅबखाली साधारण साडेनऊ फूट मिळतात, म्हणून २९० लिहा. नाहीतर लॉफ्टची कपाटं थ्रीडीत छतातून बाहेर येतात.

घरटं:
ऑटोकॅड आहे, फाईल डीडब्ल्यूजी. ती स्वीट होममध्ये उघडतच नाही. मला हीच फाईल वापरायची आहे, पुन्हा सगळं काढत बसायला वेळ नाही. हॉल खूप मोठा दाखवतोय.

काटकोन:
"खूप मोठा" पुन्हा तेच. एफ३ दाबून ऑब्जेक्ट स्नॅप चालू करा. डीआय (अंतर मोजायची कमांड) टाइप करून एंटर. हॉलच्या एका भिंतीच्या आतल्या कोपऱ्यावर क्लिक, समोरच्या कोपऱ्यावर क्लिक. खाली जो डिस्टन्स येईल तो जसाच्या तसा इथे लिहा. हॉलचं खरं माप काय आहे तेही लिहा.

घरटं:
खरा हॉल १२ बाय १५ फूट. डीआयने ३०४'-१०" आणि ३८१'-०" दाखवतोय.

काटकोन:
आता कळलं. ३८१ फूट म्हणजे ४५७२ इंच. १५ फूट म्हणजे ४५७२ मिलिमीटर. आकडा तोच आहे. रेखाटन मिलिमीटरमध्ये आहे आणि तुमचं ऑटोकॅड त्या आकड्याला इंच समजून फूट-इंचात दाखवतंय. ३८१ ला १५ ने भागा, २५.४ येतात. गुणोत्तर २५.४ आलं की इंच-मिमीचा घोळ हे नक्की. म्हणूनच इंचात काढलेला सोफ्याचा ब्लॉक (तयार चित्र) पंचवीस पटींनी लहान दिसतो.

युनिट बदलून फरक का पडला नाही? युनिट्सच्या खिडकीत वरचा भाग फक्त आकडा कसा *दाखवायचा* ते ठरवतो. खालचा इन्सर्शन स्केल बाहेरून येणाऱ्या ब्लॉकपुरता असतो. दोन्हींपैकी काहीही बदललं तरी काढलेली रेघ जागची हलत नाही. रेघ बदलायची तर स्केल कमांडच लागते.

फाईलची एक प्रत करा आणि त्या प्रतीत:
स्केल टाइप करून एंटर, ऑल, पुन्हा एंटर. बेस पॉइंटला ०,०. मग आर एंटर (रेफरन्स), २५.४ एंटर, १ एंटर. त्यानंतर युनिट्समध्ये आर्किटेक्चरल आणि इन्सर्शन स्केल इंचेस ठेवा. डीआयने पुन्हा मोजा, १५'-०" आलं पाहिजे.
०.०३९ असा तोडलेला आकडा हाताने लिहू नका. त्याने १५ फुटांत पावणेदोन इंचांचा फरक पडतो.

ओळंबा:
काटकोन, निदान बरोबर आहे, पण उपाय पटत नाही. आर्किटेक्टची फाईल कशाला स्केल करायची? उद्या तिच्याकडून सुधारलेला प्लॅन आला की तो मिमीमध्येच येणार, मग प्रत्येक वेळी पुन्हा स्केल करत बसणार का? फाईल मिमीतच राहू द्या. युनिट्समध्ये डेसिमल, अचूकता ०, इन्सर्शन स्केल मिलिमीटर. इंचातले ब्लॉक टाकताना त्यांचा स्केल २५.४ द्या, एवढंच. भारतात कपाटाचे प्लाय, चॅनेल, बिजागऱ्या सगळ्यांचे तक्ते मिमीत असतात. १८ मिमीचा प्लाय इंचात मांडायला गेलात की ०.७०८ सारखे आकडे येतात.

काटकोन:
आणि सुताराच्या टेपवर तो काय वाचणार? साइटवर अजूनही फूट, इंच आणि सूत (इंचाचा आठवा भाग) चालतं. "३६५८" लिहिलेला कागद त्याच्या हातात दिला तर तो मनातल्या मनात भागाकार करणार आणि चूक तिथेच होणार.

ओळंबा:
त्यासाठी फाईल स्केल करायची गरज नाही. डायमेन्शन स्टाइलमध्ये अल्टरनेट युनिट्स नावाचा भाग आहे. तो चालू करा, प्रकार आर्किटेक्चरल, गुणक ०.०३९३७००७८७. प्रत्येक मापासोबत दोन्ही आकडे छापले जातात, ३६५८ आणि शेजारी १२'-०". गुणक पूर्ण लिहा. ०.०३९४ लिहिला तर १२ फुटांवर एक सूत आणि ३० फुटांवर पाव इंच जास्त दिसेल.

गच्चीवरची_बाग:
अवांतर आहे, पण इथे जाणकार दिसतायत म्हणून विचारते. बिल्डरने सांगितलेला कार्पेट एरिया खरा आहे का, हे याच फाईलमधून काढता येईल का?

ओळंबा:
येईल. रेराच्या २०१६ च्या कायद्यानुसार कार्पेटमध्ये बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, तुमच्यापुरती असलेली बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची धरत नाहीत. आतल्या खोल्यांमधल्या भिंती मात्र धरतात. बरेच जण खोल्यांची बेरीज करतात आणि या आतल्या भिंती विसरतात. म्हणून बाहेरच्या भिंतींच्या आतल्या कडेने एक सलग पॉलिलाइन (एकच जोडलेली बंद रेघ) काढा, बाल्कनी आणि शाफ्ट वगळून. मग ती निवडून प्रॉपर्टीजमध्ये एरिया बघा. फाईल मिमीत असेल तर त्या आकड्याला ९२९०३ ने भागलं की चौरस फूट. मीटरमध्ये असेल तर १०.७६४ ने गुणा.

तिरफळ:
प्लॅनवर खोल्यांची नावं मराठीत लिहायची असतील तर ऑटोकॅडचा एसएचएक्स फॉन्ट चालत नाही, प्रश्नचिन्हं येतात. टेक्स्ट स्टाइलमध्ये मंगल किंवा निर्मला यूआय निवडा आणि एमटेक्स्टने लिहा. "स्वयंपाकघर", "प्रवेशद्वार" असे जोडाक्षरांचे शब्द एकदा छापून तपासा, मगच बाकीचे लिहा.

घरटं:
मराठी नावं नको आहेत. काटकोन यांनी सांगितलं तसं प्रतीत केलं. हॉल १५'-०" आला, धन्यवाद! पण आता मापांचे आकडे एवढे मोठे झालेत की प्लॅनच दिसत नाही. आणि दारं-खिडक्या पूर्वीच्याच जागी, मोठ्याच्या मोठ्या राहिल्यात. काय झालं?

काटकोन:
दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मापांच्या आकड्यांची उंची डायमेन्शन स्टाइल ठरवते, स्केल कमांड नाही. रेघ लहान झाली, आकडा तेवढाच राहिला. डिमस्केल टाइप करा, जो आकडा दिसेल त्याला २५.४ ने भागून नवीन लिहा (१०० असेल तर ३.९३७). मग डायमेन्शन टूलबारमधलं अपडेट घेऊन सगळी मापं निवडा. तुटक रेघा सलग दिसत असतील तर एलटीस्केललाही तसाच भागाकार लावा.

दारं-खिडक्यांचे लेयर (रेखाटनाचे थर) लॉक असणार, फ्रीझ असते तर त्या दिसल्याच नसत्या. ऑल म्हटलं तरी लॉक किंवा फ्रीझ केलेले लेयर निवडीत येत नाहीत. अनडू करून स्केलच्या आधीच्या अवस्थेत या, मग लेथॉ आणि लेऑन या कमांड द्या, आणि लेयुल्क देऊन लॉक असलेल्या लेयरवरच्या वस्तूवर क्लिक करून तो लेयर मोकळा करा. त्यानंतर पुन्हा स्केल. नुसत्या राहिलेल्या दारांना आता वेगळं स्केल करायचं असेल तर बेस पॉइंट ०,० हाच घ्या, नाहीतर दारं भिंतीत बसणार नाहीत.

आणखी एक तपासा. काही मापं हाताने टाइप केलेली असतात, ती रेघेबरोबर बदलत नाहीत. मापावर क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट ओव्हरराइड बघा. तिथे काही लिहिलेलं असेल तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, डीआयने मोजा.

ओळंबा:
हेच म्हणत होतो. फाईल मिमीत ठेवली असती तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

सह्यवारा:
स्वीट होममध्ये यातलं काहीच येत नाही.

ओळंबा:
तिथे वेगळंच येतं. भिंत काढताना कर्सर भिंतीच्या मध्यरेषेवर चालतो. ९ इंची भिंतींची १० बाय १२ ची खोली "१० बाय १२" म्हणून काढली की आत ९'-३" बाय ११'-३" उरते. आतून १० बाय १२ हवी असेल तर मध्यरेषा १०'-९" बाय १२'-९" काढावी लागते. भिंत काढताना एंटर दाबलं की लांबी टाइप करता येते, तिथे ही बेरीज करून लिहायची.

घरटं:
दारं जमली. आता प्रिंट. १:५० ने ए३ वर काढली. हॉलची १२ फुटांची बाजू पट्टीने ७१ मिमी येतेय, ७३ यायला हवी ना? आणि महापालिकेच्या मंजुरीची एक फाईल आहे, ती उघडली तर हॉल साडेतीन इंचांचा दिसतोय. हे आधी सांगायचं राहिलं, त्या फाईलमधून बाल्कनी घ्यायची होती. आणि त्यात हॉल ११'-९" आहे, इथे १२. कोणता खरा?

काटकोन:
प्रिंटचं आधी. ७३.१५ च्या जागी ७१ म्हणजे साधारण ९७ टक्के. पीडीएफ छापताना "फिट" निवडलेलं आहे. पान प्रिंटरच्या समासात बसवायला सगळंच आक्रसतं. प्रिंटच्या खिडकीत ॲक्चुअल साइज किंवा १०० टक्के करा. ऑटोकॅडच्या प्लॉटमध्येही "फिट टू पेपर"ची खूण काढा. लेआउट (छपाईचं पान) मिमीत आणि मॉडेल (मूळ रेखाटन) इंचात असेल तर १:५० साठी व्ह्यूपोर्टमध्ये (पानावरच्या प्लॅनच्या चौकटीत) झूम करून ०.५०८एक्सपी द्या. मिमीच्या फाईलला हेच १/५०एक्सपी असतं.
लेआउटच्या कोपऱ्यात बरोबर १०० मिमीची एक आडवी रेघ काढून ठेवा. छापल्यावर आधी ती मोजा. ती ९७ आली तर त्या कागदावर पट्टी ठेवून काहीही मोजायचं नाही. सुताराला व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेला की बारीक आकडे वाचता येत नाहीत.

मंजुरीची फाईल मीटरमध्ये आहे. ३.५८ मीटर हा आकडा ३.५८ इंच म्हणून दिसतोय. तुमच्या इंचाच्या प्रतीत आणायची असेल तर स्केल, आर, ०.०२५४, १. ओळंबांच्या मिमीच्या फाईलमध्ये आणायची तर थेट १०००.

ओळंबा:
११'-९" की १२ यावर फाईलमध्ये उत्तर शोधू नका. मंजुरीचा नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांत असा फरक पडू शकतो, आणि दोन्हींत बहुतेक वेळा प्लास्टर धरलेलं नसतं. आतल्या बाजूचं प्लास्टर साधारण १२ मिमी, दोन्हीकडचं मिळून २४. म्हणजे नकाशातल्या १२ फुटांचे हातात ११'-११" च मिळतात. भिंत ते भिंत बसणारं कपाट नकाशावरून कापलं तर ते आत जाणारच नाही.
टेप घेऊन फ्लॅटवर जा. प्रत्येक भिंत तीन ठिकाणी मोजा: जमिनीलगत, कमरेच्या उंचीला आणि छताखाली. कपाटासाठी सगळ्यांत लहान माप धरा. मग हॉलचे दोन्ही कर्ण मोजा. १२ बाय १५ काटकोनात असेल तर दोन्ही १९'-२ १/२" (५८५५ मिमी) यायला हवेत. एक जास्त आणि दुसरा कमी आला तर कोपरा काटकोनात नाही. मग कोपऱ्यातल्या युनिटला भिंतीकडून एक-दीड इंचाची फिलर पट्टी सोडा. स्कर्टिंग किती बाहेर आलंय तेही लिहून ठेवा.

काटकोन:
यावर पूर्ण सहमत. आणि मोजताना बीम-कॉलम विसरू नका. ६ इंची भिंतीत ९ इंची कॉलम असेल तर तो कुठल्यातरी खोलीत ३ इंच बाहेर येतोच. प्लॅनमध्ये तो भरीव काळा दाखवलेला असतो. बीमची खाली आलेली उंची मात्र प्लॅनमध्ये दिसतच नाही. लॉफ्टचं कपाट काढण्याआधी जमिनीपासून बीमच्या तळापर्यंत मोजा.

घरटं:
१०० मिमीची रेघ आता बरोबर १०० आली. उद्या सकाळी टेप घेऊन फ्लॅटवर जातोय. स्लायडिंगच्या कपाटाला २ फूट खोली पुरते का?

ओळंबा:
उघडणाऱ्या दाराच्या कपाटाला ६०० मिमी पुरते. स्लायडिंगला दोन दारं एकामागे एक सरकतात, ती जागा वरून लागते. बाहेरून ६५० ते ६८० धरा, नाहीतर हँगरवरचे कपडे दाराला घासतात. नेमका आकडा ट्रॅकच्या तक्त्यावर असतो. सुताराकडून ट्रॅकचं मॉडेल विचारून घ्या, मगच प्लॅनमध्ये कपाट काढा.

गच्चीवरची_बाग:
पॉलिलाइन काढली. एरिया ५८.४ दाखवतोय, फाईल मीटरमध्ये आहे. म्हणजे साधारण ६२९ चौरस फूट ना? करारात ६४५ लिहिलंय.

ओळंबा:
हो, ६२८.६. पण लगेच बिल्डरकडे जाऊ नका. पॉलिलाइन दाराच्या जागी भिंतीच्या आतल्या कडेवरच आहे ना, आणि टॉयलेटजवळचा शाफ्ट वगळताना त्याच्या भोवतालची भिंतही चुकून वगळली गेली नाही ना, ते बघा. प्लॅनचा स्क्रीनशॉट इथे टाका, पण त्यावरचं नाव-पत्ता झाकून.