फुगवलं की झाला उपरोध?

इतवारीकर: काल या धाग्यावर एकानं लिहिलं, 'विनोद म्हणजे फुगवून सांगणं, बाकी तंत्रबिंत्र प्राध्यापकांची पोटं भरायला.' सकाळचे तर्री-पोहे बेचव लागले राव. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या 'सुदाम्याचे पोहे' या विनोदी लेखांतला सुदामा काढून वाचा. तो रूढींवर तुटून पडत नाही, उलट त्यांची बाजू घेतो, तीही गंभीर तोंडानं, आणि त्याच्या युक्तिवादातच रूढीची अब्रू जाते. लेखकच आधी खिदळायला लागला तर वाचकानं काय करायचं?

बर्डीवाला: अन् कोल्हटकरांचे शिष्य राम गणेश गडकरी? 'बाळकराम' नावानं लिहिलेलं चाळा. अतिशयोक्ती नि कोट्यांचा नुसता पाऊस. १९१९ मध्ये इथं नागपूरजवळ सावनेरला वारला तो माणूस, त्याला सोयीनं विसरता? आपल्या नागपूरचे बडग्येच बघा, टीकेचे ते पुतळे. तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या पुतळ्यासोबत मिरवणुकीत निघतात, एखाद्या पुढाऱ्याचं डोकं ढोलाएवढं, गळ्यात पाटी. कोणाला समजत नाही?

इतवारीकर: पाटी लागते ना, तेच म्हणतोय मी! गडकऱ्यांचं मान्य, पण गडकरी एकच झाले. बाकीचे नुसतेच फुगवतात.

धंतोलीची: तुमचं तंत्र ठेवा बाजूला. नाटकात नोकर, ड्रायव्हर, बावळट, सगळे 'काहून बे' म्हणतात आणि प्रेक्षक हसले की लेखक विनोदी! माझी आजी याच बोलीत जमिनीचा अख्खा खटला सांगायची, कोणाची हसायची हिंमत नव्हती. पुण्याच्या हॉस्टेलवर मी 'जाऊन राहिली' म्हटलं, तर वर्षभर त्याच नावानं हाका.

बर्डीवाला: पण वऱ्हाडीतला टोमणा जास्त झोंबतो, हे खोटं आहे का?

धंतोलीची: मारणारा वऱ्हाडी असेल तर. इथं दरवेळी खाणाराच वऱ्हाडी असतो.

महालचा जुना: नागपूरची बोली वऱ्हाडी कधीपासून झाली? वऱ्हाड तिकडे अमरावती-अकोल्याला. आमची नागपुरी. दोन्ही एकाच पोत्यात भरणारेच पुण्याच्या नावानं रडतात.

धंतोलीची: आजी अकोटची होती, काका. तिची बोली कोणती ते आता तुम्हाला विचारू का?

इतवारीकर: धागा उपरोधाचा होता हो.

बर्डीवाला: बरं, तुमचा सुदामा थोर. पण ते गंभीर तोंड आज चालत नाही. पाणी आलं नाही म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर मी सेक्रेटरींचं 'काटकसरीच्या या थोर संस्काराबद्दल' अभिनंदन केलं. खाली सगळ्यांनी हात जोडले. सेक्रेटरींनी आभार मानले.

इतवारीकर: आभार मानले म्हणजे जमला की उपरोध! पाटी लावली असती तर भांडण झालं असतं.

बर्डीवाला: पाणी तर आलं असतं ना बे.