खोक्यावर उभं राहून डायटमबद्दल बोलायचंय, स्लाइडशिवाय!

सूक्ष्मदर्शिनी:
नमस्कार मंडळी. माझी पीएचडी डायटमवर चालू आहे. डायटम म्हणजे पाण्यातली एकपेशीय शैवालं, ज्यांचं कवच सिलिकाचं असतं, अगदी काचेसारखं. लवकरच स्त्री-संशोधकांचा एक कार्यक्रम आहे. भर रस्त्यात खोक्यावर उभं राहायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना आपलं काम सांगायचं. सीरियन समनर आणि नाताली पेतोरेली यांनी २०११ साली लंडनमध्ये ‘सोपबॉक्स सायन्स’ सुरू केलं, त्याच धर्तीवर. ना पडदा, ना स्लाइड.

‘तुमचा दर पाचवा श्वास डायटममुळे’ अशी सुरुवात करू का? आणि ‘तुमचे सर कुठायत?’, ‘लग्न झालं का?’ असं कुणी विचारलं तर काय करायचं? गाइडचं म्हणणं, तेवढ्या वेळात पेपर पुढे सरकेल.

वाटसरू:
मी ऐकणाऱ्यांतला. भाषण सुरू झालं की मी पुढे निघतो. हातात काही दिलंत तर थांबेन.

खारंपाणी:
पाचव्या श्वासाचं वाक्य काढून टाक. टाळ्या मिळतात, पण गफलत आहे. जगातल्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी साधारण पाचवा हिस्सा डायटम करतात, इथवर ठीक. पण समुद्रात तयार होणारा बहुतेक ऑक्सिजन तिथलेच जीव श्वसनात आणि कुजण्यात वापरून टाकतात. आपण श्वासात घेतो तो साठा कोट्यवधी वर्षांत जमलेला आहे. गर्दीत एखादा जाणकार निघाला तर तुझी पंचाईत होईल. कुणी नाही निघाला तर आणखी वाईट, कारण तेच वाक्य घेऊन लोक घरी जातील.

त्यापेक्षा डायटमची माती ने. जुन्या कवचांची पांढरी भुकटी असते, मुठीत घेतली तर वजनच लागत नाही. (बाटली बंदच ठेव, धूळ नाकात जाता कामा नये.) मग सांग, नोबेलच्या १८६७ च्या डायनामाइटमध्ये हीच होती. नायट्रोग्लिसरीन जरा धक्का लागला की उडायचं, ते या सच्छिद्र मातीत जिरवलं आणि काबूत आलं. ‘स्फोट’ म्हटलं की वाटसरूसुद्धा थांबतात.

दुसरं, झाकणाचे दोन गोल डबे ने. डायटमचं कवच असंच असतं, वरचा अर्धा भाग जरा मोठा, खालचा त्यात बसणारा. पेशी दुभंगली की दोघींना एकेक अर्धा मिळतो आणि दोघीही उरलेला भाग आतल्या मापाचाच बनवतात. म्हणजे एकीला आईचं माप मिळतं, दुसरी थोडी लहान होते. हे डबे उघडून हातांनी दाखव आणि तिथेच गप्प बस. पुढचा प्रश्न लोकांकडून येऊ दे. मला तरी हीच जागा सगळ्यात आवडते. स्लाइड असती तर तूच घाईघाईने उत्तर देऊन टाकलं असतंस.

माणूस बुडूनच मेला का हे पाहायला त्याच्या अस्थिमज्जेत डायटम शोधतात, तेही लोकांना फार आवडतं. पण त्या चाचणीवर तज्ज्ञांत वाद आहेत, तेवढं सांगायला विसरू नकोस. समोर लहान मुलं असतील तर हा विषयच नको.

गाइडचं म्हणशील तर, पेपर तू लिहिशीलच. त्यांनाही बोलव.

रात्रपाळी:
खासगी प्रश्नांबद्दल. १९६७ साली जोसलिन बेल (पुढे बेल बर्नेल) यांनी पल्सार, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ स्पंदनं पाठवणारा तारा, शोधला. रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींचा रोज सुमारे ३० मीटर कागद बाहेर पडायचा, त्यावरची एक बारीकशी खूण त्यांना खटकली. बातमी फुटल्यावर पत्रकार विज्ञानाचं विचारायचे त्यांच्या गाइडना, आणि बेल यांना विचारायचे उंची किती, मित्र किती. बेल बर्नेल यांनी पुढे हे जाहीरपणे सांगितलंय. तेव्हा त्या विद्यार्थिनी होत्या, फटकारणं सोपं नव्हतं. तुम्ही मात्र हसून ‘ते राहू द्या, हा डबा धरा’ म्हणा आणि पुढे चला. ‘सर कुठायत’ला उत्तर एकच: ‘हे काम माझं आहे, विचारा.’ पुन्हा खोदून विचारलं तर आयोजकांना खूण करा, एकटीने झुंजत बसू नका.

वाटसरू:
अहो, पण दर पिढीत लहान होत गेले तर एक दिवस संपतील की!

सूक्ष्मदर्शिनी:
नाही ना! फार लहान झाल्या की त्यांच्यात लैंगिक प्रजनन होतं. त्यातून जी पेशी बनते ती जुनं कवच टाकून फुगते, आणि मगच पूर्ण मापाचं नवं कवच घडवते. खारंपाणी, श्वासाचं वाक्य काढलं. डबे पारदर्शक घेऊ की रंगीत?

खारंपाणी:
पारदर्शक. आणि खरं डायटम दाखवायला सूक्ष्मदर्शकही ने, मुलं रांग लावतील.