मेकॅनिकवरून थेट वर्कशॉप मॅनेजर : पहिल्या महिन्यात कशाला हात घालू?

पाना_एकोणीस

नमस्कार मंडळी. जड गाड्यांवर १३ वर्षं काम आहे, मुख्यतः इंजिन आणि गिअरबॉक्स. मोशी-चाकण पट्ट्यातल्या एका ट्रक वर्कशॉपची जबाबदारी १ तारखेपासून माझ्याकडे येतेय. ५ बे (गाडी उभी करून काम करायच्या जागा), ७ मेकॅनिक, ३ हेल्पर, १ वायरमन, १ स्टोअरकीपर. निम्म्या गाड्या फ्लीटच्या, बाकी एक-दोन ट्रकवाल्या मालकांच्या. टिपर आणि आरएमसीचे (तयार काँक्रीट वाहणारे) मिक्सरही येतात.

दुरुस्तीची भीती नाही. अडतंय ते एस्टिमेट, स्टोअर आणि पोरांना काम वाटणं यात. मालकांचं म्हणणं, अंगण कायम भरलेलं असतं पण गल्ल्यात काही दिसत नाही. सुरुवात कुठून करू? आणि स्वतः पाना किती धरायचा?

जॉबकार्ड_आधी

पाना धरायचा, पण फक्त दोन वेळा: गाडी आत आल्यावर दोष शोधताना आणि बाहेर जाण्याआधी ट्रायल घेताना. मधल्या वेळेत तुम्ही गाडीखाली शिरलात की बाकीचे चार बे आपल्या मर्जीने चालतात. चांगला मेकॅनिक मॅनेजर झाला की नेमका इथेच फसतो. अवघड काम स्वतः ओढून घेतो आणि गेटवर तीन ड्रायव्हर खोळंबतात.

अंगण भरलेलं आणि गल्ला रिकामा, याचं उत्तर तासांत सापडतं. ७ मेकॅनिक गुणिले ८ तास गुणिले २६ दिवस म्हणजे १,४५६ तास. महिन्याभरात गिऱ्हाइकाला किती तासांची मजुरी लावली ते मोजा. समजा ९०० भरले, म्हणजे ६२ टक्के. तेच ७५ टक्क्यांवर नेले तर १,०९२ होतात. मजुरी तासाला ४५० धरली तर फरक ८६,४०० रुपयांचा, तोही एक माणूस न वाढवता. आता हे तास जातात कुठे? पार्टची वाट बघण्यात, मालकाचा होकार येईपर्यंत, बेमध्ये अर्धवट उघडून ठेवलेल्या गाडीमुळे, आणि एकाच टॉर्क रेंचसाठी (नट ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) लागलेल्या रांगेत. म्हणून जॉबकार्डवर (प्रत्येक गाडीच्या कामाचा नोंदीचा कागद) काम सुरू, काम थांबलं, थांबण्याचं कारण आणि काम पुन्हा सुरू अशा चार नोंदी रोज घ्या. पंधरा दिवसांत तास खाणारा चोर सापडतो. बहुतेकदा तो स्टोअरमध्ये किंवा फोनवर असतो, बेमध्ये नसतो.

गेटवरची नोंद पक्की हवी. किलोमीटर, डिझेलच्या काट्याचा फोटो, सगळ्या टायरचे आणि दोन्ही बॅटऱ्यांचे नंबर, स्टेपनी, जॅक, टूलबॉक्स, ताडपत्री, दोरखंड, आणि खाली ड्रायव्हरची सही. यातलं एक राहिलं तरी नंतर "तुमच्याकडे टायर बदलला" हा वाद तुमच्या गळ्यात पडतो. ड्रायव्हरची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहा. "पिकअप नाही" असं तो म्हणाला तर तेवढंच लिहायचं, "टर्बो खराब" नाही. तो निदान झाल्यावरचा शब्द आहे.

एस्टिमेट दोन टप्प्यांत द्या: उघडण्याआधी आणि उघडल्यावर. क्लचचं काम असेल तर प्लेट आणि प्रेशर प्लेटसोबत रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, फ्लायव्हीलचा फेस आणि क्रँकचं मागचं ऑइल सील तपासून त्यांचे दर "लागल्यास" म्हणून आधीच लिहून ठेवा. गिअरबॉक्स खाली असताना मालकाला नव्याने फोन करायचा म्हणजे बे दिवसभर अडकला. वाढीव कामाला होकार व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. फोनवरचा "करून टाका" बिलाच्या दिवशी कुणालाच आठवत नाही. गाडी अपघाताची असेल तर विम्याचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत एक बोल्टही सोडायचा नाही.

बिन_कार्ड

स्टोअरबद्दल थोडं. सगळे पार्ट एका मापाने मोजत बसू नका. फिल्टर, बेल्ट, ब्रेक लायनर सेट, हब सील, एअर ड्रायरचं कार्ट्रिज, क्रॉस, ब्रेक चेंबरचे डायफ्रॅम, यू-बोल्ट ही रोजची जात आहे. यांना किमान आणि कमाल आकडा ठरवा. किमान आकडा म्हणजे माल यायला लागणारे दिवस गुणिले रोजचा खप, त्यावर थोडा जास्तीचा. रोज २ डिझेल फिल्टर लागतात आणि माल ३ दिवसांत येतो, तर ८ उरले की ऑर्डर गेली पाहिजे. महागडे सेन्सर आणि इंजेक्टर मात्र गाडीचा चेसिस नंबर घेऊन त्या गाडीपुरतेच मागवा. एकाच मॉडेलमध्ये दोन वर्षांच्या गाड्यांना पार्ट नंबर वेगळा निघतो, मग चुकीचा आलेला सेन्सर वर्षभर कपाटात धूळ खातो.

जॉबकार्ड नंबरशिवाय स्टोअरमधून वॉशरसुद्धा बाहेर जाऊ नये. जुना पार्ट टॅग लावून गिऱ्हाइकाला दाखवायचा. वॉरंटीतला असेल तर क्लेम मंजूर होईपर्यंत भंगारात टाकायचा नाही, आणि धुवायचाही नाही. क्लेम नाकारला जाण्याचं साधं कारण हेच असतं: पार्ट हरवला किंवा घासूनपुसून चकचकीत झाला.

स्लॅक_अ‍ॅडजस्टर

वरचा हिशोब बरोबर, पण एक पथ्य पाळा. भरलेल्या तासांवर पोरांना इन्सेन्टिव्ह लावलात की घाई सुरू होते आणि लायनर एकाच बाजूचा बदलला जातो, कारण "दुसरा अजून चालेल". मग ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. लायनर अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे एकदमच. इन्सेन्टिव्ह द्याच, पण ३० दिवसांत तीच गाडी त्याच तक्रारीसाठी परत आली तर ते तास वजा.

व्हील नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, समोरासमोरच्या क्रमाने. नुसत्या इम्पॅक्ट गनने आवळून गाडी सोडायची नाही. चाक काढलं होतं तर ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क करायला या, असं बिलावर छापून घ्या. पाटे उघडले असतील तर यू-बोल्टही लोड पडल्यावर पुन्हा आवळावे लागतात. वेल्डिंगआधी बॅटरीच्या केबल काढा, ईसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) कनेक्टर सोडवा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डिंगच्या जागेजवळच लावा. चेसिसच्या दुसऱ्या टोकाला लावलेल्या चिमट्याची किंमत एका ईसीयूइतकी पडू शकते.

आणि ट्रायलला तोच जाईल ज्याच्याकडे जड वाहनाचं लायसन्स आहे. चाकण रस्त्यावर ठोकली तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार.

पाना_एकोणीस

तासांचं गणित आजच मालकांसमोर मांडतो. अजून एक. बीएस ६ मिक्सर डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) दिव्यासाठी सारखे परत येतात. रीजन मारून (फिल्टर तापवून काजळी जाळून) सोडतात, आठवड्यात पुन्हा हजर. यात फुकट तास फार जातायत.

युरिया_साडेबत्तीस

मिक्सर साइटवर उभ्या-उभ्या ड्रम फिरवतो. इंजिन चालू पण एक्झॉस्ट गरम होत नाही, म्हणून आपोआप होणारं रीजन पुरं होत नाही आणि काजळी साचते. फोर्स्ड रीजनने काजळी जळते, राख जळत नाही. राख येते तेलातून. बीएस ४ गाड्यांसाठी आणलेल्या बॅरलमधलं सीआय-४ प्लस ग्रेडचं तेल कुणी ओततंय का ते आधी बघा. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं तेल हवं, सीके-४ किंवा कंपनी सांगेल ते.

रीजनआधीचा क्रम असा. तेलाची डिपस्टिक बघा. पातळी वाढलेली असेल तर तेलात डिझेल उतरलंय, आधी तेल बदला. मग डिफरन्शियल प्रेशर सेन्सरच्या (फिल्टरच्या आधीच्या-नंतरच्या दाबातला फरक मोजणारा) दोन्ही नळ्या: तडा किंवा गच्च भरलेली नळी खोटं रीडिंग देते. मग इंजेक्टरची गळती, टर्बोतून येणारं तेल आणि ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा). यातलं काहीच सापडलं नाही तरच रीजन. तेही उघड्यावर, कारण एक्झॉस्टचं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. वाळलं गवत, सांडलेलं डिझेल, पत्र्याची शेड यांपासून गाडी लांब उभी करा. कारण न शोधता मारलेलं रीजन म्हणजे तुमचा फुकट तास, तो मालकाच्या बिलावर चढवता येत नाही.

एनओएक्स सेन्सर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) बदलण्याआधी डीईएफ (एक्झॉस्टमध्ये फवारायचं युरियाचं द्रावण) रिफ्रॅक्टोमीटरवर टाकून बघा, युरिया ३२.५ टक्के यायला हवा. पाणी मारलेलं डीईएफ किंवा डिझेलच्या नरसाळ्याने भरलेलं डीईएफ पण सेन्सरसारखाच कोड दाखवतं. डोझरच्या (डीईएफ फवारणारा नोझल) तोंडाशी पांढरे खडे दिसले तर आधी ते साफ.

जॉबकार्ड_आधी

कागदपत्रांचं राहिलं होतं. जुनं इंजिन ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. भंगारवाल्याला द्यायचं नाही. एमपीसीबीची (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ) परवानगी असलेल्या रिसायकलरलाच, मॅनिफेस्टसह (कचरा वाहतुकीचा नोंदकागद), आणि ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही. बॅरलवर झाकण आणि लेबल, खाली पक्की फरशी.

उधारीबद्दल: वर्कशॉपची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर मालकांना करायला लावा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. फ्लीटच्या अकाउंटंटला हे बिलावर छापलेलं दिसलं की फाइल हलते. छोट्या मालकांना पार्टची रक्कम आगाऊ, मजुरी गेटपासच्या वेळी.

शिवाय प्रत्येक गाडीची फिटनेसची तारीख रजिस्टरला टाका. ८ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर २ वर्षांनी, पुढे दरवर्षी. तारखेच्या २० दिवस आधी फोन केला की ब्रेक, लाइट, रिफ्लेक्टर टेप, वायपर अशी पासिंगची कामं तुम्ही मंदीच्या आठवड्यात बसवू शकता. नाहीतर सगळे आदल्या संध्याकाळी गेटवर उभे राहतात.