तालुक्याचं हायस्कूल आणि एसटीचा पास: तुमचे अनुभव लिहा

काल स्टँडवर पासच्या खिडकीपुढं मुलींची रांग दिसली, प्रत्येकीच्या हातात बोनाफाईड. पाय हलेनात माझे. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. आठवीला तालुक्याच्या झेडपी हायस्कूलला नाव घातलं, तेव्हा कळलं की वर्गात गावातली पोरं वेगळी आणि गाडीवाली वेगळी. शाळा पाचला सुटायची, आमची गाडी पावणेपाचला, पुढची थेट साडेसातला. म्हणजे आठवा तास आम्हाला नव्हताच, आणि तो नेमका भूमितीचा. सहामाहीत भूमितीत अकरा जण नापास, त्यातले नऊ गाडीवाले. सरांनी ती यादी बघितली आणि पीटीच्या सरांशी तास बदलून घेतला. कुणी अर्ज केला नव्हता की सांगितलं नव्हतं. मी दहावी निघाले ती त्या अदलाबदलीमुळं. तुमच्याकडं गाडीवाल्यांचं कसं होतं?

*

म्हणजे तुमची पीटी गेली! आमच्याकडं कबड्डीचा सराव पाचनंतर, त्यामुळं संघात एकही गाडीवाला नसायचा. माझा चुलतभाऊ काय पकड करायचा, पण गावच्या जत्रेपुरतीच. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

*

मुक्कामी गाडी. सहाला निघायची, सातला स्टँडवर, शाळा अकराला. कंट्रोलरच्या खोलीबाहेरच्या बाकावर अख्खी दहावी केली. ते नऊला विचारायचे, डबा खाल्ला का.

*

मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेचा पास फुकट. भावाला सवलत होती, तरी एक तृतीयांश भरावेच लागायचे. आजोबा म्हणाले, पोरीला पुढं कशाला? आई म्हणाली, पैसे कुठं लागतात, जाऊ दे की. तेवढ्यावर माझं शिक्षण झालं.

*

ताई, डोळ्यात पाणी आलं. आमच्या आईनंही असंच रेटलं.

*

मी शिकवते, म्हणून दुसऱ्या बाजूचं लिहिते. कोविडनंतर ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा उघडल्या. महिना होतोय तोवर एसटीचा संप, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. हजेरीत गाडीवाल्या मुलींपुढं नुसता 'गै'. वडापनं, म्हणजे खासगी जीपनं, एकटीला पाठवायला घरचे तयार नसत, आणि रोज भाडं कुठून आणणार? त्या वर्षी दहावीची परीक्षा ज्याच्या त्याच्या शाळेत होती, तरी माझ्या दोघी आल्याच नाहीत. हॉलतिकिटं माझ्या कपाटात राहिली. संपकऱ्यांवर राग धरता येईना, वर्गातल्या एकीचे वडील वाहकच होते, त्यांच्या घरचे हाल बघत होते. एकीचं त्याच मे महिन्यात लग्न झालं.

*

बाई, दुसरीचं काय झालं?

*

पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरायला लावला तिला. निघाली.

*

आमच्या भागात सरकारच्या मानव विकास योजनेच्या निळ्या गाड्या आल्यात मुलींसाठी, शाळेच्या वेळेला. पाच किलोमीटरच्या आतल्यांना सायकली. भाचीला मिळाली, घंटी वाजवून गल्ली उठवते सकाळी.

*

कुकर झाला. चुलतभावाला हे सगळं वाचून दाखवलं, तो म्हणतो, पकड अजून आहे, या कुणीही. ताई, तुमच्या त्या सरांना कधी सांगितलंत का हे?

*

नाही सांगितलं. सर तालुक्यालाच राहतात. रविवारी जाऊन येते. परतीची चौकशी केली खिडकीवर, गाडी अजून पावणेपाचलाच आहे.