मदत हवी आहे: एपीआयच्या रिस्पॉन्सचा एकच फॉरमॅट कसा ठरवायचा?

मंडळी, जरा अडलंय. आमच्या प्रॉडक्टमागे बऱ्याच सर्व्हिसेस आहेत (ॲपने एपीआयवरून, म्हणजे प्रोग्राम्सनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या वाटेने, मागितलेली माहिती देणारे सर्व्हरवरचे प्रोग्राम), वेगवेगळ्या टीमनी वेगवेगळ्या वेळी लिहिलेल्या, आणि प्रत्येकीची उत्तर द्यायची तऱ्हा वेगळी. एक सरळ ऑब्जेक्ट देते, दुसरी तेच 'डेटा'मध्ये गुंडाळून देते, लिस्ट रिकामी असली की कुठे रिकामा ॲरे येतो, कुठे नल (म्हणजे 'काहीच नाही'), आणि एका ठिकाणी तर ते फील्डच गायब असतं. फ्रंटएंडच्या कोडमध्ये नुसते इफ-एल्स भरलेत.

पण खरी डोकेदुखी एररची आहे. एक सर्व्हिस रेकॉर्ड सापडला नाही तरी स्टेटस २०० (म्हणजे 'सगळं ठीक') देते आणि बॉडीत 'सक्सेस: फॉल्स' लिहिते. आमच्या ॲपला ते समजतं, पण मधल्या कुणालाच समजत नाही ना! मॉनिटरिंगवर सगळं हिरवंगार, कॅशे ती एरर चांगलं उत्तर समजून साठवून ठेवतो, आणि सर्व्हर खरोखर झोपला तरी रिट्रायचं लॉजिक चालतच नाही कारण ५०३ ('सर्व्हर सध्या उपलब्ध नाही') कधी येतच नाही.

टीममधल्या काही जणांचं म्हणणं, सगळीकडे एकच एन्व्हलप (प्रत्येक उत्तराभोवती तेच ठरलेलं वेष्टण) लावू, सक्सेस, डेटा आणि मेसेज, विषय संपला. मला ते पटत नाही. सक्सेसचा फ्लॅग म्हणजे स्टेटस कोडचीच दुसरी कॉपी, दोन्ही जुळले नाहीत तर खरं कुणाचं मानायचं? आणि २०४ ('काम झालं, परत द्यायला काही नाही') ला तर बॉडीच नसते, मग एन्व्हलप लावणार कशाला? माझं मत असं की स्टेटस कोड खरा द्यावा, डेटा उघडा, म्हणजे वेष्टणाशिवाय द्यावा आणि एररसाठी आरएफसी ९४५७ (एररची बॉडी कशी असावी ते सांगणारं इंटरनेटचं मानक) वापरावा. (२०२३ मध्ये आला, जुन्या ७८०७ च्या जागी.) त्यात टाइप, टायटल, स्टेटस, डिटेल, इन्स्टन्स एवढी फील्ड ठरलेली आहेत आणि आपली फील्ड जोडायलाही मुभा आहे, म्हणजे फॉर्ममध्ये ईमेल आणि पिनकोड दोन्ही चुकले तर ४२२ ('पाठवलेली माहिती चुकीची') सोबत दोन्हींची यादी एकदमच पाठवता येते.

आता अडतंय कुठे, तर लिस्टमध्ये. उघडा ॲरे दिला तर एकूण संख्या आणि पुढच्या पानाचा पत्ता ठेवायचा कुठे? पत्ता 'लिंक' नावाच्या हेडरमध्ये (बॉडीच्या आधी येणाऱ्या माहितीच्या ओळीत) टाकता येतो, पण मोबाइलवाले म्हणतात हेडर वाचायला लावू नका. मग फक्त लिस्टपुरतं ऑब्जेक्टमध्ये गुंडाळलं तर चालेल का, की पुढे त्रास होतो?

दुसरं म्हणजे गेटवे, सगळ्या सर्व्हिसेसच्या पुढे बसून रिक्वेस्ट आत पाठवणारा सर्व्हर. मागची सर्व्हिस पडली की तो स्वतःच ५०२ ('मागून नीट उत्तर आलं नाही') चं एचटीएमएल पान देतो आणि क्लायंटचा जेसन पार्सर (डेटाचा जेसन फॉरमॅट वाचणारा कोड) पहिल्याच अक्षराला आपटतो. आम्ही सर्व्हिसेस कितीही सुधारल्या तरी हे राहणारच, तर तुम्ही गेटवेवरच एररची बॉडी बदलता का?

आणि सगळ्यात मोठी काळजी जुन्या ॲपची. लोक अपडेट करत नाहीत, ती व्हर्जन्स २०० धरूनच बसलीत, उद्या ४०४ ('सापडलं नाही') आला तर सरळ क्रॅश होतील. पाथमध्ये नवीन व्हर्जन काढून दोन्ही चालू ठेवायची, की ॲक्सेप्ट हेडर (कुठला फॉरमॅट हवा ते ॲप ज्यात सांगतं) बघून फॉरमॅट ठरवायचा? चालू सिस्टिममध्ये हा बदल ज्यांनी केलाय त्यांनी कृपया सांगा, सुरुवात एररपासून केली की लिस्टपासून, आणि जुना फॉरमॅट बंद करायची वेळ कशावरून ठरवली.