बोरिवली नॅशनल पार्कात आई आणि मुलाला घेऊन एक रात्र राहावं का?

गंगापूररोडकर: नमस्कार मंडळी, बोरिवलीच्या संजय गांधी नॅशनल पार्कात कोणी रात्री मुक्कामी राहिलंय का? आम्ही चौघं, आई अडुसष्टची आणि मुलगा आठ वर्षांचा. त्याला जंगलातून चालायचंय आणि आईला कान्हेरी लेणी बघायच्यात, आपल्या नाशिकची पांडवलेणी तिने शाळेपासून बघितलीत म्हणून ही पण बघायची फार इच्छा आहे. एका दिवसात जाऊन यावं का राहावं? बायको बिबट्यामुळे घाबरतेय, निफाडकडच्या उसातल्या बातम्या रोज वाचतो आपण.

सिडकोची ताई: दादा राहाच. आम्ही मागच्या पावसाळ्यात वनविभागाच्या विश्रामगृहात राहिलो होतो. दिवसा तिथे नुसती गर्दी असते पण पहाटे साडेपाचला व्हरांड्यात बसलो तर शीळकरी कस्तुर पक्षी माणसाने शीळ घालावी तसा गात होता आणि पोरगी चहा विसरून तशीच ऐकत बसली, ते एका दिवसात जाऊन येणाऱ्याला मिळत नाही. फक्त बुकिंग स्वतः करा. त्याच्या आदल्या वर्षी एका एजंटाला पैसे दिले होते आणि तिथे गेल्यावर कळलं की आमच्या नावाने खोलीच नाही, आजी-आजोबांना घेऊन रात्री नऊला लॉज शोधत फिरलो. जेवणाचं पण आधीच विचारून ठेवा. आणि सोमवारी पार्क बंद असतं.

लेणीवेडा: काकूंना कान्हेरी नक्की दाखवा. शंभराच्या वर लेणी आहेत, आपल्याकडे 24. सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी, त्याच्या काळचा लेख आपल्या 20 नंबरच्या लेण्यात आहे आणि कान्हेरीत पण आहे, हे सांगितलं की काकू खूश होतील. मोठा चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, 3 नंबरचा, दारापाशी दोन्ही बाजूला उंच बुद्ध उभे आहेत. पण मला जास्त आवडतं ते पाणी. खडकात बोटभर रुंदीच्या पन्हळी कोरल्यात, पावसाचं पाणी त्यातून टाक्यात उतरतं, शिलालेखात या टाक्यांना पोढी म्हटलंय. गेटपासून लेणी सहाएक किलोमीटर आत आहेत, चालत नेऊ नका, गाडी किंवा बस बघा. तिकीट पुरातत्व खात्याचं वेगळं लागतं. पावसात पायऱ्या निसरड्या होतात, हात धरून न्या. खाऊ बॅगेत ठेवा, माकडं हातातून ओढतात.

गंगापूररोडकर: खूप आभार. आणि बिबट्याचं?

ठाण्यात राहणारा नाशिककर: बिबटे आहेतच, त्यांचंच घर आहे ते. 104 चौरस किलोमीटरचं जंगल आणि चहूबाजूंनी शहर. आतल्या पाड्यांवर वारली लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, वाघोबा देवाला मानतात. अंधार पडला की मुलाला बाहेर एकटं सोडू नका, अगदी दारापुढे पण नाही, आणि उष्टं बाहेर टाकू नका, त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. ट्रेलला परवानगी आणि सोबत गाइड घेऊनच जा, शिलोंडा ट्रेल मुलांना झेपतो. वहिनींना एवढं सांगा, बाकी काळजीचं कारण नाही. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरा, तिथून बोरिवली लोकल. गाडीने येणार असाल तर घोडबंदर रोडला फार वेळ जातो.

गंगापूररोडकर: बायकोला वाचून दाखवलं, तयार झाली. मंगळवारची पंचवटी बघतो. आई आत्तापासूनच यज्ञ सातकर्णी कोण विचारतेय.