दुपारी बारा वाजता पेटलेल्या दहा ट्यूब

सेक्रेटरी: सगळ्यांना नमस्कार. कॉमन मीटरचं बिल पाच हजारांच्या वर गेलंय. मेंटेनन्स वाढवायचा की काय करायचं, बोला.

२०२ काकू: आमच्या घरचं शून्य आलंय की. हे का शून्य येत नाही?

सेक्रेटरी: काकू, गृहज्योती म्हणजे कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना, ती घरच्या मीटरला. जिना, लिफ्ट, मोटरचं मीटर सोसायटीच्या नावावर आहे, ते त्यात बसत नाही. आणि घरचं शून्यसुद्धा कायमचं समजू नका. २०२२-२३ मधल्या आपल्या महिन्याच्या वापराची सरासरी अधिक १० टक्के, तेवढंच फुकट. त्याच्या वर गेलं की वरच्या युनिटचे पैसे. २०० युनिट ओलांडले तर त्या महिन्याचं अख्खं बिल भरायचं.

४०३ भाऊजी: डिसेंबरात आमचं तेच झालं. पाहुणे आले होते, गिझरचं बटण कुणी बंदच करेना. २०६ युनिट! वरच्या सहा युनिटांपायी बाराशेच्या वर बसले.

३०१ आजोबा: आमच्या वेळी शहापुरात बंब होता. चार लाकडं घातली की सगळ्या घराच्या आंघोळी. आणि रीडिंग घ्यायला कोण येत नव्हतं.

२०२ काकू: धुराची भांडी कोण घासत होतं ते पण सांगा 😄

३०३ दादा: काका, मेंटेनन्स वाढवायच्या आधी एक बघा. काल दुपारी मी मीटरपाशी उभा होतो. मोटर बंद, लिफ्ट थांबलेली, जिन्यातले दिवे बंद. तरी मीटरचा तो छोटा लाल दिवा मिनिटाला १२ वेळा लुकलुकत होता. मीटरवर लिहिलंय, ८०० इम्पल्सला एक युनिट; एकदा लुकलुकलं की एक इम्पल्स. १२ गुणिले ६०, म्हणजे तासाला ७२०. कोण काही वापरत नसताना तासाला ०.९ युनिट जातंय.

२०२ काकू: म्हणजे मीटर बिघडलंय?

३०३ दादा: मीटर बरोबर आहे. खाली पार्किंगमध्ये दहा ट्यूब भर उन्हात पेटलेल्या. जुन्या, ४० वॅटच्या. चोक धरला तर एकेक ५५ च्या आसपास खाते. बाकीचं लिफ्टच्या केबिनचा पंखा, तिथले दिवे आणि कॅमेरे.

सेक्रेटरी: वॉचमनला विचारलं. पार्किंग आणि कॅमेरे एकाच बटणावर आहेत म्हणे. बटण दाबलं की कॅमेरे पण जातात, म्हणून तो हातच लावत नाही. त्याचं बरोबरच आहे. वायरिंग करणाऱ्यानं एक वायर वाचवली, ती आपण दर महिन्याला भरतोय.

३०३ दादा: दिवसाचे १२ तास धरले तर त्या दहा ट्यूबचेच साडेसहा युनिट. महिन्याला दोनशेच्या जवळ. सहाच्या भावानं बाराशे रुपये. रात्रीसाठी २० वॅटच्या एलईडी लावल्या तर तिथलंही निम्म्याच्या खाली येतंय.

४०३ भाऊजी: एवढं करण्यापेक्षा गच्चीवर सोलरच बसवूया ना. सबसिडी आहे.

सेक्रेटरी: आहे. पीएम सूर्यघर या केंद्राच्या सोलर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे १८,००० मिळतात. मी नाही म्हणत नाही. पण आज सोलर घेतलं तर या दहा ट्यूबसाठीसुद्धा पॅनल विकत घ्यावं लागेल. आधी वायर वेगळी करू, दोन महिने बिल बघू, मग किती किलोवॅट लागतंय ते ठरवू.

१०२ ताई: मी सेक्रेटरींशी सहमत. आमच्या कॉलेजातही असंच निघालं. तिथं एचटी, म्हणजे जास्त दाबाचं मोठं कनेक्शन आहे, त्याला युनिटशिवाय मॅक्झिमम डिमांडचेही, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती लोड पडला त्याचेही पैसे लागतात. सकाळी ९ वाजता बोअरची मोटर, लॅबचे एसी, हॉस्टेलचे गिझर सगळं एकदम सुरू व्हायचं आणि डिमांड वर जायची. आता मोटर पहाटे लावतात. एसी २४ वर ठेवायला सांगितलंय. एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के करंट वाचतो. मुलं कुरकुरतात, चालायचंच. वर्गातले पंखे मात्र अजून रिकाम्या बाकांवर फिरतात, त्याला कुणी वाली नाही.

३०१ आजोबा: मोटरचं काढलंच आहे म्हणून सांगतो. टाकी भरून पाणी गच्चीवरून खाली पडतंय. आठवड्यातून दोनदा तरी मी खाली फोन करतो. पाणीही जातंय आणि करंटही.

३०३ दादा: आजोबा, टाकीत फ्लोट स्विच बसवला तर भरल्यावर मोटर आपोआप बंद होते. फार खर्च नाही.

२०२ काकू: खर्च नाही म्हणजे किती? मोघम नको.

सेक्रेटरी: वायरमन रविवारी सकाळी येतोय, त्याच्याकडून लिहून घेतो. आधी कॅमेऱ्याची लाईन वेगळी, मग फ्लोट स्विच. एलईडी जुन्या ट्यूब जातील तशा बदलू.

४०३ भाऊजी: एकदमच बदला हो. जायची वाट बघत बसलो तर त्या आपल्याला पुरून उरतील.

सेक्रेटरी: चालेल, त्याचेही दर घेतो. रविवारी १० ते १२ लिफ्ट आणि मोटर बंद राहील. पाणी भरून ठेवा.

२०२ काकू: १० ला नको, ११ ला करा. माझे गुडघे, आणि रविवारची मंडई.